शिरपामाळाच्या वाटेवर दगडी भांड्याची पारख



तुम्ही नाशिकहून त्र्यंबकेश्वर-मोखाड्यावरून या, नाहीतर मुंबईकडून विक्रमगडावरून घाट चढून या. जव्हारच्या सडावर एस.टी. पोचली की वारा बदललेला कळतो. खाली घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि वर आल्यावर खिडकीची काच लावून घ्यावीशी वाटते. पौषात तर सकाळी चांगलीच थंडी पडते. माझी नोकरी शेतकीखात्यातली असल्यामुळे गावोगाव फिरणे हा माझा धर्मच आहे. परंतु यंदा जानेवारीत एका रविवारी सौभाग्यवतींना बरोबर घेऊन, केवळ पाहायला म्हणून, शिरपामाळावर गेलो. त्या दिवशी जे पाहिले आणि जे शिकलो ते तुमच्या घरातही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

शिरपामाळ जव्हार गावाच्या जवळच आहे. मोठा डोंगर नाही, की किल्ला नाही. उघडा माळ, त्यावर स्मारक आणि चहूकडे दिसणारा मुलूख. सुरतेच्या पहिल्या स्वारीला निघालेले शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशाह त्यांना सामोरे आले आणि त्यांनी महाराजांच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला, म्हणून हा शिरपामाळ, असे इथली माणसे सांगतात. ती स्वारी जानेवारी १६६४ मधली. म्हणजे आम्ही गेलो त्याच थंडीच्या दिवसांतली. पुढे १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले, हेही इतिहासात आहे. राजकारण बदलते, पण पाहुण्याचा मान केला ती जागा लोकांनी नावासकट जपून ठेवली. जव्हारचे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ पर्यंत होते. मग हा मुलूख ठाणे जिल्ह्यात आला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, शिरपामाळाचा आणि दगडी भांड्याचा संबंध काय? तो सांगण्याआधी मला माझ्या घरातला एक गुन्हा कबूल केला पाहिजे.

एका दगडीची गोष्ट

आमच्या सौभाग्यवतींचे माहेर सावंतवाडीकडचे. त्यांच्या आईने लग्नात त्यांना एक दगडी दिली होती. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, दगडी म्हणजे मऊ दगड कोरून केलेले खोलगट भांडे. लोणचे, मुरवलेल्या मिरच्या, ताक, दही त्यात ठेवायचे आणि त्यातूनच पानात वाढायचे. हा दगड हाताला साबणासारखा गुळगुळीत लागतो. शंखजिरे म्हणतात त्याच जातीचा तो. नखानेही त्यावर ओरखडा उठतो. आंबटाने तो खात नाही, आणि एकदा तेल मुरले की काळाभोर तकतकीत होतो. आमच्या दगडीत तीस वर्षे कैरीचे लोणचे होते.

गेल्या वर्षी ऐन थंडीत ती रिकामी झाली. सौभाग्यवती घरात नव्हत्या. मी शेतकी पदवीधर. मला वाटले, जंतू मारावेत. रात्रभर गार फरशीवर पडलेल्या दगडीत मी चुलीवरचे उकळते पाणी एकदम ओतले. कट् असा आवाज झाला. काठापासून बुडापर्यंत चीर गेली आणि पाणी पाझरू लागले. काठाला आधीच केसासारखी बारीक शीर असली पाहिजे. ती मी पाहिली नव्हती. दगड आतून तापून फुगला, बाहेरून गारच राहिला, आणि ती ओढाताण शिरेला सोसली नाही.

संध्याकाळी सौभाग्यवती आल्या. त्यांनी दगडी हातात घेतली, चिरेवरून बोट फिरवले आणि ती कोनाड्यात ठेवून दिली. मला एक शब्द बोलल्या नाहीत. चार दिवस बोलल्या नाहीत. त्यांची आई जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

मी भरपाई करायला निघालो. एका यात्रेत दगडी वस्तूंचे दुकान होते. तिथून काळे, आरशासारखे चकाकणारे वाडगे आणले. “अस्सल दगड, पिढ्यान्पिढ्या टिकेल,” असे दुकानदार म्हणाला. मी घासाघीस केली आणि स्वस्तात मिळाले म्हणून खूशही झालो. घरी त्यात सोलकढी केली. नातवाला वाढताना सौभाग्यवतींचा हात थांबला. गुलाबी कढीवर काळपट तवंग होता. त्यांनी सगळी कढी मोरीत ओतली. आत पाहिले तर रंग उतरून खाली पांढुरका, खरबरीत दगड दिसत होता. तो संगमरवर होता आणि वरून काळा रंग दिलेला होता. आमसुलाच्या आंबटाने दगडही खाल्ला आणि रंगही सोडवला. नातवाच्या पोटात ते जायचे थोडक्यात टळले.

शेतातल्या मातीत चुनखडी किती हे पाहायला आम्ही त्यावर आम्लाचा थेंब टाकतो. फसफसले की चुना आहे असे समजतो. तीच परीक्षा आयुष्यभर शेतकऱ्यांना दाखवणारा मी, स्वतःच्या घरात भांडे आणताना विसरलो. संगमरवर म्हणजे चुनखडीच. त्यात लिंबू, चिंच, आमसूल, दही चालायचे नाही. पाण्याला, फुलांना, कोरड्या फराळाला तो ठीक.

शिरपामाळाखालचा पाटा

तर त्या रविवारी माळावरून उतरताना एका शेतकऱ्याने जेवायला बोलावले. नागलीच्या रोपवाटिकेमुळे त्याचा माझा परिचय. घर कुडाचे, शेणाने सारवलेले. त्याच्या आईने, म्हणजे म्हाताऱ्या आजींनी, खुरासणीची चटणी पाट्यावर वाटली. पाटा काळ्या पाषाणाचा, मधे वाटून वाटून खोलगट झालेला. चटणी वाटून झाल्यावर त्यांनी ती दुसऱ्या भांड्यात काढलीच नाही. तो पाटाच पंगतीच्या मधे ओढला. पळसाच्या पानांवर नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि पाट्यावरून उचलून घ्यायची चटणी. जग फार मोठे आहे, पण रीती सारख्या असतात. तिकडे मेक्सिको देशात अशाच काळ्या ज्वालामुखी दगडाची तीन पायांची कुंडी असते. तिच्यात चटणी वाटतात आणि तशीच पानाजवळ आणून ठेवतात. कोरिया देशात भात दगडाच्या वाडग्यात वाढतात, म्हणजे जेवण संपेपर्यंत तो गरम राहतो.

अंगणात कोंबड्यांना पाणी प्यायला दगडाचे एक भांडे होते. पाहिले तर ते जुने उखळ होते, एका बाजूने फुटलेले. सौभाग्यवतींनी ते निरखून पाहिले. आजी म्हणाल्या, “ताई, ते माझ्या सासूचं. फुटलं. पण टाकायचं कशाला? वरचं फुटलं, खाली पाणी राहतंच की.”

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. परंतु परतीच्या वाटेवर त्यांनी पहिल्यांदा आईचा विषय काढला, आणि जव्हार येईपर्यंत त्याच बोलत होत्या.

दगड समजून घ्या

शेतकरी बंधूंना माती समजते, तर दगड का समजू नये? माती दगडाचीच झाली आहे. शिरपामाळ आणि आसपासचा सारा सह्याद्री काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला आणि थरावर थर गोठले. या भागात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तरी उन्हाळ्यात बायकांना हंडे घेऊन दूर जावे लागते. याचे एक कारण हाच दगड आहे. घट्ट पाषाण पाणी आत घेत नाही, ते वाहून जाते. शेतात जो गुण नडतो, तोच भांड्यात उपयोगी पडतो.

पण काळा पाषाणही सगळा सारखा नसतो. लाव्हा गोठताना वाफेचे बुडबुडे अडकले तर दगडाला जाळी पडते. कुठे त्या छिद्रांत पांढरे खडे भरलेले दिसतात. असा दगड बांधाला वापरा, भांड्याला नको. कोकणातला तांबडा जांभा तर भांड्याला मुळीच घेऊ नये; तो पाणी पितो. भांड्यासाठी बारीक कणांचा, घट्ट, एकजीव पाषाण किंवा शंखजिऱ्याच्या जातीचा मऊ दगड, हे दोन चांगले. मऊ दगडाची भांडी कोकणात, गोव्यात आणि खाली कर्नाटक-तमिळनाडूतही पूर्वापार वापरात आहेत. बेलूर-हळेबीडची नाजूक कोरीव देवळे मऊ दगडाची आहेत, ती याच गुणामुळे. तो कोरायला सोपा आणि हवेने हळूहळू टणक होणारा.

विकत घेताना काय पाहाल?

पहिली गोष्ट, वजन. दगड पाण्याच्या पावणेतीन-तीन पट जड असतो. वाडगे दिसायला मोठे आणि उचलायला हलके असेल तर ते दगडाची पूड आणि रसायन मिसळून साच्यात ओतलेले असू शकते. काठावर साच्याच्या जोडाची रेघ दिसते का पाहा. सुई तापवून बुडाला टेकवली आणि प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास आला, की समजून जा.

दुसरी, आवाज. मडके घेताना वाजवून पाहता ना, तसेच बोटाच्या पेराने वाजवा. चांगल्या घट्ट दगडाचा आवाज खणखणीत येतो. मऊ दगडाचा थोडा जाड येतो, पण स्वच्छ येतो. भद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. मग विजेरी आत धरून काठ नीट पाहा. ज्या केसाएवढ्या शिरेने माझा घात केला, ती अशी सापडते. कधी चीर मेणाने किंवा लुकणाने बुजवलेली असते. तिथे नख लावले की कळते.

तिसरी, रंग. ओले पांढरे फडके घेऊन आतून जोराने पुसा. फडके काळे झाले तर भांडे परत ठेवा. काही विक्रेते तेल लावून दगड काळा करतात, त्यात वावगे नाही. पण शाई नको, बूटपॉलिश तर नकोच. वर चकचकीत लाखेचा किंवा व्हार्निशचा हात असेल तर ते शोभेला ठेवा, त्यात गरम वाढू नका.

चौथी, लिंबू. बुडाला बाहेरून, दिसणार नाही अशा जागी, लिंबाचा एक थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. पुसल्यावर जागा निस्तेज झाली, खरखरीत लागली, तर तो संगमरवर किंवा चुन्याचा दगड आहे. चांगला विक्रेता हे करू देतो. जो करू देत नाही, त्याला नमस्कार करून पुढे जा.

पाचवी परीक्षा घरची. कोरडे भांडे पाण्याने काठोकाठ भरून रात्रभर कागदावर ठेवा. सकाळी बाहेरून ओल आली किंवा कागद भिजला तर ते लोणच्याला घेऊ नका. सच्छिद्र दगडात मीठ शिरते आणि वाळताना त्याचे खडे बनून दगडाचे पापुद्रे काढते. आपल्या भिंतींना लोणा धरतो, तोच प्रकार.

आणि आकार? सौभाग्यवतींचा नियम सोपा आहे. रिकामे भांडे एका हाताने उचलून पाहावे. जड जात असेल तर भरल्यावर ते दोन माणसांचे काम होईल, आणि वाढताना पोराच्या पायावर पडेल. बूड रुंद, काठ अर्ध्या बोटापेक्षा पातळ नाही, आत कोपरे नाहीत. कोपरा असला की तिथे खरकटे अडकते.

वापरताना

नवे भांडे लगेच पानावर आणू नका. काळ्या पाषाणाचे असेल तर नव्या पाट्याला करता तेच करा. मूठभर तांदूळ आणि जाडे मीठ घेऊन आतून रगडा, ते फेकून द्या, पुन्हा रगडा. वाटलेले पांढरे स्वच्छ निघू लागले, दाताखाली कच येईनाशी झाली, की भांडे तयार. मऊ दगडाच्या भांड्यात चार-पाच दिवस तांदळाचे धुवण भरून ठेवा आणि रोज बदला. मग वाळवून आतबाहेर तेल-हळद लावा, दोन दिवस सावलीत ठेवा, आणि कोमट पाण्याने धुवा.

धुताना कोमट पाणी, चाळलेली राख किंवा शिकेकाई, आणि नारळाचा काथ्या पुरे. वासाचा साबण दगडात मुरतो आणि मग दह्याला त्याचा वास येतो. धुतल्यावर पालथे घालू नका; उताणे ठेवून पूर्ण वाळू द्या. तेलकट पदार्थ रात्रभर ठेवला तर तेल आत शिरते आणि खवट होते. लोणच्याच्या दगडीत मात्र नेहमी लोणचेच ठेवावे, त्यात दुसरे काही नको. तेल घट्ट मुरले की ती दगडी लोणच्याची झाली.

गरम आणि गार यांची गाठ एकदम घालू नका. थंडीत गरम भात वाढायचा असेल तर भांड्यात आधी कोमट पाणी भरून ठेवा, मग ते ओतून भात घाला. दगड सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. एकदा ऊबदार झाला की भाताची वाफ टिकवतो. उन्हाळ्यात रांजणाशेजारी ठेवलेले भांडे दही-ताकाला गारवा देते. वाढायचे भांडे चुलीवर किंवा गॅसवर ठेवू नका. आणि ओट्यावर ठेवताना खाली चुंबळ ठेवा. भांडेही वाचते आणि फरशीही.

दगडाच्या भांड्यातून अंगात खनिजे जातात, रोग बरे होतात, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दगड चांगला तो कशासाठी? आंबटाला सोसतो, कल्हई लागत नाही, पिढ्या टिकतो. एवढे गुण पुष्कळ झाले.

आणखी एक. घरी भांडे कोरडे घासू नका, कानशीने तासू नका. काठ बोचत असेल तर पाण्याखाली धरून घासा. दगडाची धूळ छातीला वाईट. जे कारागीर वर्षानुवर्षे कोरडा दगड फोडतात-घासतात, त्यांची फुफ्फुसे त्या धुळीने निकामी होतात. सिलिकोसिस म्हणतात तो रोग हाच, आणि तो बरा होत नाही. काही खाणींतल्या मऊ दगडात ॲस्बेस्टॉसचे तंतूही असू शकतात. ते श्वासात जाणे फार घातक. म्हणून कारागिराकडून भांडे घ्याल तेव्हा, तो पाणी शिंपडून काम करतो का, तोंडाला फडके बांधतो का, एवढे विचारा. नसेल तर सांगा. आणि शेवटच्या दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. मी ती यात्रेत केली होती आणि काय पदरात पडले ते तुम्ही वाचलेच.

भांड्यात काय आहे?

शिरपामाळाखालच्या त्या पंगतीत एक गोष्ट मनाला लागली. पाटा दगडाचा होता, पान पळसाचे होते. पण त्यावर नागली होती, उडीद होता, खुरासणी होती. याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने बालके गेली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. आजही या भागात कुपोषणाचा प्रश्न संपलेला नाही. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात त्याच्या पासंगालाही पुरत नाही. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. आपण मात्र नागली विकतो आणि पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा देतो. तुम्ही भांडे दगडाचे घ्या, पितळेचे घ्या, पानाचे द्रोण करा; त्यात नागलीची आंबील आठवड्यातून चारदा पडली पाहिजे. दगडी वाडग्यातली आंबील उन्हाळ्यात दुपारपर्यंत गार राहते, हा माझा अनुभव आहे.

शेवटी आमच्या घरचे सांगतो. शिमग्याला सासुरवाडीला गेलो, तेव्हा बाजारात दोन तास बसून आम्ही एक दगडी पारखून घेतली. विजेरी, लिंबू आणि पांढरे फडके सौभाग्यवतींच्या पिशवीत होते. वैशाखात तिच्यात कैरीचे लोणचे पडले. अजून ती करडी आहे. काळी व्हायला दोन-तीन वर्षे लागतील.

जुनी दगडी टाकली नाही. तिच्या चिरेतून आता काही गळत नाही, कारण तिच्यात कोरडे जाडे मीठ असते. पानात मीठ वाढायचे झाले की सौभाग्यवती तिच्यातूनच चिमूट घेतात. मीठ पहिले वाढतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

तुम्ही शिरपामाळावर आलात तर पाहुण्याचा मान झालेली ती जागा जरूर पाहा. आणि घरी परतल्यावर माळ्यावर, परसात, कोनाड्यात पडलेले एखादे जुने पाषाणाचे भांडे आहे का, तेही पाहा. धुऊन, वाजवून, पाणी भरून पाहा. मात्र उकळते पाणी नको.